विझवलेलं पुस्तक

११ एप्रिल, सोमवार

डेर्लिसला आज शाळेतून लॅपटॉप मिळाला. त्याच्या वर्गातल्या सगळ्यांनाच मिळाला. पांढरा-हिरवा, एवढासा, उचलायला दांडी आणि वर सशासारखे दोन कान. हे कान उभे केले की त्याला इंटरनेट ऐकू येतं म्हणे. आता आपल्याला वह्या लागणार नाहीत असं डेर्लिसनेच जाहीर केलं, म्हणून त्याची गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही मी घेतली. पुढून त्याचे भागाकार आहेत, बहुतेक सगळे चुकलेले. मागून मी लिहिणार.

ग्वारानीतच लिहितेय. सगळे बोलतात ग्वारानी, पण वाचत कुणी नाही. म्हणजे वही उघडी राहिली तरी भीती नाही.

निल्डामावशीने लॅपटॉप हातात घेऊन वजन बघितलं, जसं चीज घेताना बघते. म्हणाली, "दीड किलो. आणि एवढ्यासाठी मंत्र्यांची भाषणं?"

१४ एप्रिल

कोंबडी लॅपटॉपवर चढली. कळा रबराच्या आहेत, तिला अळ्या वाटल्या असतील. तिने टोचून टोचून चार ओळी jjjjj लिहिलं. डेर्लिस म्हणाला, "ताई, तुझ्यापेक्षा हिला जास्त येतं." मी त्याला झाडू फेकून मारला, लागला नाही.

खरं म्हणजे तो अंघोळीला गेला की मी हळूच उघडून बघते. माझी बोटं त्या कळांना मोठी पडतात. एक दाबायला गेले की दोन दाबल्या जातात. आणि सगळं स्पॅनिशमध्ये. वाचता येतं मला, पण वाचलेलं आत पोचायला वेळ लागतो.

३ मे

मावशीने मला बसवरून काढून टाकलं. म्हणजे असं की सकाळी भट्टीतून चिपाचे चीजवाले पाव निघाले की मी टोपली घेऊन हमरस्त्यावर जायचे आणि बस थांबली की चढायचे. बाकीच्या बायका चढल्या चढल्या "चिपा, गरम चिपा!" असं ओरडतात की झोपलेला माणूस पाकीट काढतो. मी चढते आणि उभी राहते. काल टोपली जशीच्या तशी परत आणली तेव्हा मावशी म्हणाली, "तू चिपा विकतेस का चिपाला फिरवून आणतेस?"

आजपासून मी शाळेत जायचं, मधल्या सुट्टीत विकायला. पोरं स्वतःच येतात, ओरडावं लागत नाही. पण मावशीने टोपली इतकी भरली की दोन शाळांना पुरेल. "रिकामी झाल्याशिवाय घरी तोंड दाखवू नकोस." सुट्टी संपली तरी निम्मी उरलीच. मग डेर्लिसच्या वर्गाच्या दाराशी उभी राहिले, शेवटच्या घंटेची वाट बघत. आत लॅपटॉपचा तास चालला होता.

५ मे

आज पण टोपली तेवढीच. मी मावशीला म्हटलं, "कमी घाल ना, एवढी खपत नाही." ती म्हणाली, "हिशेब मी करते, तू चाल." मंगळवार आणि गुरुवार अशी भरते, बाकीचे दिवस नीट मोजून. का ते तिलाच माहीत.

विल्माबाई आता डेर्लिसला शिकवतात, पूर्वी मला पण त्याच होत्या. मला दाराशी बघून म्हणाल्या, "पेर्ला, उभी आहेसच तर फळा पूस." मी सहावीपर्यंत रोज पुसायचे. बाई कुणाला काही विचारायला लागल्या की मी फडकं घेऊन उठायचे, म्हणजे उत्तर द्यायला नको. बाई स्पॅनिशमध्ये बोरार म्हणायच्या आणि मागून पोरं ग्वारानीत ओरडायची, "एम्बोगे, पेर्ला, एम्बोगे!" पूस, पेर्ला, पूस. मला वाटतं बोरार हा माझा पक्का झालेला पहिला स्पॅनिश शब्द.

सातवीला काकुपेच्या मोठ्या शाळेत गेले. तिथे एकदा उत्तर द्यायला उठले, वाक्य स्पॅनिशमध्ये सुरू केलं आणि मध्येच कधी ग्वारानीत गेले ते कळलंच नाही. सगळा वर्ग हसला. सर पण हसले, वाईट नव्हते हसले, पण हसले. पुढच्या सोमवारी मी भट्टीपाशी राहिले. आई ब्वेनोस आयरेसला कामाला गेली होती, मावशीला हात हवेच होते, त्यामुळे कुणी विचारलं नाही. याला तीन वर्षं झाली.

१५ मे, रविवार, मातृदिन

आईचा फोन आला. ती तिकडे एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते, त्या झोपल्या की तिला मोकळीक मिळते. डेर्लिसने फोन मोठ्या आवाजावर केला आणि लॅपटॉप समोर धरून सगळं रेकॉर्ड केलं. आईला माहीतच नव्हतं. ती पावसाबद्दल बोलली, मग डेर्लिसला म्हणाली की लहानपणी तू भट्टीच्या राखेत बसायचास आणि शिंकायचास, तुला आम्ही राखोंडा म्हणायचो. मग शिंकून दाखवलं. आम्ही एवढे हसलो की मावशीचा गार तेरेरेचा पेला सांडला.

नंतर डेर्लिसने ते परत लावलं. सात वेळा. आठव्यांदा मावशी म्हणाली, "पुरे रे, तिला सर्दी होईल."

२० मे

डेर्लिस पुस्तक बनवतोय. लॅपटॉपवरच. सान ह्वानच्या जत्रेला शाळेत सगळ्यांची पुस्तकं दाखवणार आहेत. याच्या पुस्तकाचं नाव 'आमची भट्टी'. मावशी पीठ मळताना, माती लिंपताना, केळीच्या पानावर चिपा ठेवताना, असे फोटो. एका फोटोत नुसता मावशीचा कोपर आहे. ती म्हणाली, "हा काढ." तो म्हणाला, "हाच चांगला आलाय." शेवटच्या पानावर आईचं शिंकणं. नंतर ते इंटरनेटवरून आईला पाठवायचं.

मला त्याने स्पेलिंग विचारली. मला दोन आली. त्याने काही म्हटलं नाही, लिहून घेतली.

२६ मे

विल्माबाईंना बहुतेक माझा राग येतो. आज म्हणाल्या, "पेर्ला, दारात उभी राहिलीस की उजेड अडतो. आत ये." मग मागच्या बाकावर बसवलं. बाजूच्या मुलाचं कासव हलत नव्हतं. लॅपटॉपमध्ये एक कासव असतं, त्याला सांगाल तशी रेघ काढतं. मी हळूच दाखवलं कुठे दाबायचं. बाईंनी बघितलं आणि काही न बोलता फळ्याकडे वळल्या. मंगळवारी-गुरुवारी, लॅपटॉपचा तास संपला की, माझ्या चिपा पण त्याच घेतात, उरलेल्या सगळ्या. एवढ्या खातात कशा?

जूनमध्ये राजधानीतून एक माणूस येणार आहे. लॅपटॉपमधली बटणं ग्वारानीत करायची आहेत, त्यासाठी गावातल्या लोकांना शब्द विचारणार. बाई म्हणाल्या, "तू ये." मी मान हलवली. हो म्हणून नाही, नुसतीच.

२ जून, गुरुवार

मी काय केलं ते लिहायची हिंमत होत नाही. पण दुसरं कुठे सांगू?

संध्याकाळी डेर्लिसचं पुस्तक उघडं होतं आणि मित्रांनी फुटबॉलला हाक मारली. तो कुंपणावरून उडी मारून पळता पळता ओरडला, "ताई, एम्बोगे! बॅटरी जाईल!" विझव, म्हणजे बंद कर. माझे हात पिठाचे होते, तसेच मांडीवर पुसून बसले. पुस्तकाच्या चित्रावर बाण नेला तर खाली यादी उघडली. सगळ्यात शेवटी बोरार. मला एवढा आनंद झाला! हा शब्द मला येतो, एम्बोगेच तो. दाबला. त्याने स्पॅनिशमध्ये लांबलचक काहीतरी विचारलं. मी हिरव्या खुणेवर दाबलं.

लॅपटॉप बंद झाला नाही. पुस्तक गेलं.

मी सगळीकडे शोधलं. कासव आहे, चित्रं आहेत, कोंबडीचं jjjjj सुद्धा आहे. 'आमची भट्टी' नाही. फोटो, मावशीचा आवाज, आईची शिंक, सगळं त्याने त्या पुस्तकातच ठेवलं होतं. मी झाकण लावून टाकलं आणि भट्टीत लाकडं भरायला गेले. गरज नव्हती तरी.

३ जून

सकाळी डेर्लिसने उघडलं. मी त्याच्याकडे पाठ करून चीज किसत होते. मला वाटलं रडेल. रडला नाही. मी वळून बघितलं तर कळांवरचं पीठ तो सदऱ्याच्या बाहीने पुसत होता, एकेक कळ.

म्हणाला, "ताई, माझं पुस्तक गेलं. मी काल पळताना काहीतरी चुकीचं दाबलं असणार."

बिचारा. स्वतःला दोष देतोय. आणि मी तेव्हा पण तोंड उघडलं नाही. "हो का," म्हणाले. चीजबरोबर बोट किसलं गेलं, ते एक बरं झालं.

७ जून

वर्गात बाईंनी विचारलं, "डेर्लिस, पुस्तक कुठवर आलं?" तो उभा राहून म्हणाला, "माझ्या हातून गेलं, बाई. मी निष्काळजीपणा केला." निष्काळजीपणा! एवढा मोठा शब्द त्याला कुणी शिकवला? मागून एक मुलगा म्हणाला, "याला लॅपटॉप दिला आणि याने शेळीला दिला." सगळे हसले. डेर्लिस पण हसला. मी मागच्या बाकावर होते. मला ते हसणं चांगलंच ओळखीचं आहे.

एका वाक्याचं काम होतं. मी पोरांना चिपा वाटत बसले.

घरी मावशीने दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "या घरात कुणीतरी मेलंय का? मला सांगा, मी काळा झगा काढते."

११ जून, शनिवार

आजचं सगळं लिहायचं ठरवलंय, हात दुखला तरी.

शब्दांची सभा होती. मी जाणार नव्हते. मावशी म्हणाली, "चाळीस चिपा लागतील तिथे, उचल." म्हणून गेले. मावशी पण आली, चांगली ओढणी घेऊन. राजधानीचा माणूस वाल्टेर नावाचा, चष्मा, पायात नवे बूट, चिखलाने लाल झालेले. एक स्पॅनिश शब्द वाचायचा, मग त्याने शोधून आणलेला ग्वारानी शब्द, आणि विचारायचा, बरोबर का? गावातले पंधरा-वीस जण होते. डेर्लिस पहिल्या रांगेत.

पहिला शब्द होता जपून ठेवणे. त्याने सांगितलं, 'एन्योंगातू'. मावशी म्हणाली, "आम्ही चीज फडताळात ठेवतो ते?"

"हो, तेच. इथे आपण आपलं काम ठेवतो."

"बरं." मग थोड्या वेळाने त्याने बाण हलवायच्या त्या वस्तूला उंदीर म्हणतात असं सांगितलं. मावशी उठलीच. "थांब बाळा. फडताळ पण याच्यात आणि उंदीर पण याच्यातच? मग काही राहायचं नाही."

वाल्टेर इतका हसला की चष्मा काढून पुसला. म्हातारे सिक्स्तोकाका म्हणाले, "निल्डा, तुझ्या घरी तसंच आहे की." ती म्हणाली, "माझ्या घरी उंदीर येतात ते तुमच्याकडे उपाशी राहतात म्हणून."

मी हसत होते, आणि वाल्टेरने वाचलं, "आपागार. एम्बोगे." दिवा विझवतो तसं. सगळे म्हणाले बरोबर. आणखी सात-आठ शब्द झाले. मग तो म्हणाला, "बोरार. एम्बोगे." फळा पुसतो तसं. सगळे परत म्हणाले बरोबर. बरोबरच होतं! दोन्ही बरोबर होते. आपण दिवा विझवतो ते एम्बोगे, चूल विझवतो ते एम्बोगे, आणि फळ्यावरचं गणित पुसतो ते पण एम्बोगेच. आपल्याला कधी दोन शब्द लागलेच नाहीत. फळ्यासमोर दिवा कोण विझवणार?

मी वेडी नव्हते तर. पण आता हे असंच त्या मशीनमध्ये गेलं तर प्रत्येक घरात कुणीतरी ओरडणार, एम्बोगे! आणि कुणीतरी माझ्यासारखं दाबणार.

मी बोलायचं ठरवलं. पण हे सांगायचं तर मला कसं कळलं ते पण सांगावं लागणार, आणि डेर्लिस तिथेच पुढे बसलेला. वाल्टेर पुढचे शब्द वाचत गेला. मी प्रत्येक शब्दाला म्हणत होते, याच्यानंतर. मग त्याने कागद गोळा केले, फाइल मिटली आणि सगळ्यांचे आभार मानले.

मी म्हणाले, "एक शब्द दोनदा आलाय."

कुणाला ऐकू गेलं नाही. मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बसमध्ये नाही ओरडलीस ते नाही. इथे ओरड."

"एक शब्द दोनदा आलाय!" एवढं मोठं निघालं की बाहेरचं कुत्रं भुंकलं.

सगळे वळले. मग मी थांबलेच नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. म्हणाले, "विझवणं पण एम्बोगे लिहिलंय आणि पुसणं पण एम्बोगे लिहिलंय. आमच्या तोंडात एकच आहे पण मशीनमध्ये दोन आहेत. माझ्या भावाने सांगितलं एम्बोगे आणि मी बोरार दाबलं. त्याचं पुस्तक त्याने नाही घालवलं. मी घालवलं. त्यात आईचा आवाज होता. लॅपटॉप शेळीला दिला नव्हता कुणी."

ग्वारानीतच बोलले सगळं. कुणी हसलं नाही. डेर्लिसकडे बघितलं तर त्याला काही धक्काबिक्का बसलेला दिसला नाही. त्याने नुसता मोठा श्वास सोडला, जसा फुटबॉल संपल्यावर सोडतो. मला अजून कळलं नाही का.

वाल्टेरने फाइल परत उघडली, दोन्ही ओळींवर बोट ठेवलं, वर-खाली बघितलं. "अरे देवा," म्हणाला. "हे तीन जणांनी तपासलंय." मग मला विचारलं, "मग पुसण्याला काय लिहू?"

सगळे बोलायला लागले. एक म्हणे घासणं, एक म्हणे झाडणं. वाल्टेर माझ्याकडेच बघत राहिला. मी म्हणाले, "एमोम्बो. टाकून दे. टाकायचं म्हटलं की माणूस एकदा बघून घेतो, हातात काय आहे ते."

त्याने लिहिलं. मग नाव विचारलं आणि म्हणाला, "कितवीत आहेस?"

मी टोपलीतलं फडकं उचललं आणि घडी घालायला लागले. विल्माबाई मागून म्हणाल्या, "माझ्या वर्गात आहे. एप्रिल संपल्यापासून एक तास चुकवलेला नाही. मी एवढ्या चिपा उगाच खाल्ल्या का?"

मावशी एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

१२ जून

डेर्लिसला म्हटलं, "माझ्यावर ओरड तरी." तो म्हणाला, "ताई, तू काल ओरडलीस ते पुरे झालं, कुत्रं अजून घाबरलंय." मग म्हणाला, पुस्तक परत करू, पण या वेळी तू फोटो काढ, माझ्या फोटोंत सगळे कोपरच येतात.

१९ जून

आईचा फोन. डेर्लिसने लॅपटॉप धरला आणि म्हणाला, "आई, मागच्या वेळी बोललीस ते परत बोल."

"काय बोलले होते मी?"

"राखेचं. शिंकेचं."

आईला आठवेना. तिने शिंकायचा प्रयत्न केला, ती काही खरी वाटेना. दुसऱ्यांदा केला, आणखीच वाईट. मग तिने विचारलं हे सगळं कशाला, तेव्हा मी फोन घेतला आणि सांगितलं. सगळं, मीच. मग ती म्हणाली, "पेर्ला, तू एवढं सलग बोललीस? माझ्याशी फोनवर कधी हो-नाहीच्या पुढे गेली नाहीस." आणि नाक ओढलं. डेर्लिस मला खुणा करत होता, चालू आहे, चालू आहे. ते नाक ओढणं आलंय रेकॉर्ड होऊन. तेच शेवटच्या पानावर आहे.

पहिली शिंक गेली ती गेलीच. मला रोज आठवते.

२४ जून, सान ह्वान

जत्रेत डेर्लिसचं पुस्तक दहा पानांचंच झालं, इतरांची वीस-वीस होती. मावशी लोकांना धरून धरून आणत होती, "या, माझा कोपर बघा." माझ्या फोटोत पण एकदा तोच आला, आणि डेर्लिसने तो काढू दिला नाही. पहिल्या पानावर लिहिलंय, फोटो: ताई.

५ जुलै

विल्माबाई घरी आल्या. काकुपेला संध्याकाळची शाळा असते, मोठ्यांसाठी, सातवीपासून. अर्ज आणला होता. मी म्हटलं विचार करते. मावशी म्हणाली, "कर विचार. पीठ मळता मळता कर, आठ किलो आहे." अर्ज फडताळात ठेवलाय. अजून भरलेला नाही. नावाची ओळ फक्त भरली.

९ ऑगस्ट, मंगळवार

पेनड्राइव्हवरून नवी ग्वारानी बटणं आली. बाईंनी मला पहिलीच्या वर्गात पाठवलं, एकेकाच्या लॅपटॉपमध्ये घालायला. पंचवीस पोरं, सगळी शेंबडी, सगळी एकदम बोलणारी. फरिया नावाची एक आहे, पुढचे दोन दात नाहीत. तिने घोडा काढला होता. पाच पाय, पण घोडा.

सुट्टीची घंटा झाली. तिने चित्रावर बाण नेला, यादी उघडली, शेवटच्या ओळीवर आली आणि बोट ठेवून वाचायला लागली. ए. मो. म्बो. वाचून झाल्यावर माझ्याकडे रागाने बघितलं.

"टाकून कशाला देऊ? चांगला घोडा आहे माझा!"

"नको देऊस."

"मग बंद कसं करायचं?"

मी दाखवलं. तिने ते पण वाचलं, मोठ्याने, पूर्ण, मगच दाबलं. पडदा काळा झाला. तिने झाकणाला कान लावून बघितलं आणि मला सांगितलं की घोडा आत आहे.